माध्यमिक स्तरासाठी राज्यव्यापी गाभा अभ्यासक्रमाची मानके : संकल्पना, वाटचाल आणि ग्रामीण महाविद्यालयांपुढील प्रश्न

सारांश

राज्यातील कोणत्याही शाळेतून दहावी पूर्ण करणाऱ्या विद्यार्थ्याला किमान काय समजले व काय करता आले पाहिजे, हे निश्चित करणे म्हणजे गाभा अभ्यासक्रमाची मानके ठरविणे होय. महाराष्ट्रात समान परीक्षा, समान पाठ्यपुस्तके आणि समान गाभाघटक यांची परंपरा जुनी असली, तरी विद्यार्थ्याच्या संपादनाविषयीची स्पष्ट मानके माध्यमिक स्तरावर रुजलेली नाहीत. त्यांची जागा व्यवहारात शालान्त परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेने घेतली आहे. प्रस्तुत लेखात मानकांची संकल्पना, महाराष्ट्रातील वाटचाल, मानके लिहिण्याची पद्धती, त्यांवरील आक्षेप आणि ग्रामीण महाविद्यालयीन प्राध्यापकांची भूमिका यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : गाभा अभ्यासक्रम, गाभाघटक, अध्ययन निष्पत्ती, शालान्त परीक्षा, मराठवाडा.

१. प्रस्तावना

जालना जिल्ह्याच्या जाफराबाद तालुक्यातील टेंभुर्णी हे गाव मराठवाडा आणि विदर्भ यांच्या सीमेलगतच्या पट्ट्यात येते. तालुक्याची हद्द ओलांडली की बुलढाणा जिल्हा लागतो. दोन्हीकडे शेती सारखी, बोली जवळची आणि सोयरिकीही एकमेकांत. परंतु विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या दोन बाजूंची मुले दोन वेगळ्या शिक्षणव्यवस्थांत शिकत होती. जाफराबादकडील भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेथे उच्च शिक्षणाची आणि राज्यकारभाराची भाषा उर्दू होती, व १९१८ मध्ये सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचा प्रभाव शालेय शिक्षणावर होता. पलीकडचा वऱ्हाड मध्यप्रांताशी जोडलेला असल्याने तेथील शिक्षणाचे केंद्र नागपूर होते. पश्चिम महाराष्ट्रातील विद्यार्थी मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला आणि १९४९ पासून मुंबई प्रांताच्या शालान्त परीक्षेला बसत असे.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला, १९५६ मध्ये मराठवाडा व विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. भूभाग एक झाला, तरी ‘दहावी-अकरावी शिकलेला’ या शब्दांचा अर्थ तिन्ही विभागांत एकच व्हावा यासाठी स्वतंत्र प्रयत्न करावे लागले. १९६५ चा महाराष्ट्र माध्यमिक शिक्षण मंडळे अधिनियम आणि १ जानेवारी १९६६ रोजी स्थापन झालेले राज्य मंडळ ही त्या प्रयत्नांची फलश्रुती होय. आज जालना जिल्हा छत्रपती संभाजीनगर विभागीय मंडळात आणि बुलढाणा जिल्हा अमरावती विभागीय मंडळात असला, तरी दोन्हीकडील विद्यार्थी एकाच अभ्यासक्रमाची परीक्षा देतात. राज्यव्यापी गाभा अभ्यासक्रम ही केवळ प्रशासकीय सोय नसून मागास राहिलेल्या विभागाला मिळालेली समतेची हमी आहे, हे या इतिहासावरून ध्यानात येते. ही हमी आज कितपत खरी उरली आहे, हा या लेखाचा प्रश्न आहे.

२. संकल्पनांचे स्पष्टीकरण

या विषयाच्या चर्चेत चार संज्ञांची सरमिसळ नेहमी होते. ‘अभ्यासक्रम आराखडा’ शिक्षणाची उद्दिष्टे, विषयरचना आणि तत्त्वे सांगतो. ‘अभ्यासक्रम’ कोणत्या इयत्तेत कोणता आशय शिकवावा हे ठरवितो. ‘पाठ्यपुस्तक’ त्या आशयाचे एक साधन असते. ‘मानक’ मात्र विद्यार्थ्याकडे पाहते. ठरावीक टप्प्याच्या अखेरीस विद्यार्थ्याने काय जाणावे, काय करून दाखवावे आणि किती दर्जाने करून दाखवावे, हे ते सांगते.

मानके अध्यापनाची पद्धती लादत नाहीत. अमेरिकेत २०१० मध्ये राज्यांच्या पुढाकाराने भाषा आणि गणित या विषयांची ‘कॉमन कोअर’ मानके प्रसिद्ध झाली, तेव्हा काय शिकले जावे एवढेच ती सांगतात, कसे शिकवावे हे सांगत नाहीत, अशी त्यांच्या पुरस्कर्त्यांची भूमिका होती. बहुसंख्य राज्यांनी ती स्वीकारली. परंतु २०१४ मध्ये इंडियाना राज्याने माघार घेतली आणि इतरही काही राज्ये दूर झाली. शिक्षक व पालक यांना विश्वासात घेण्यापूर्वीच मानके परीक्षांशी व शिक्षकांच्या मूल्यमापनाशी जोडली गेली, हे तेथील विरोधाचे एक प्रमुख कारण होते. इंग्लंडमध्ये १९८८ च्या कायद्याने राष्ट्रीय अभ्यासक्रम आला. तो इतका विस्तृत झाला की १९९३ मध्ये रॉन डिअरिंग यांच्याकडे पुनर्विलोकनाचे काम सोपवून आशय कमी करावा लागला. त्याच वर्षी भारतात प्रा. यशपाल समितीने आपल्या अहवालात दप्तराच्या वजनापेक्षा न समजण्याचे ओझे अधिक जड असल्याचे निदर्शनास आणले. गाभा लहान नसेल तर तो गाभा राहत नाही, हा या दोन्ही अनुभवांचा समान धडा होय.

३. महाराष्ट्रातील वाटचाल

३.१ समान आकृतिबंध : कोठारी आयोगाने (१९६४-६६) १०+२+३ या रचनेची शिफारस केली. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे महाराष्ट्रातीलच होते. राज्याने हा आकृतिबंध स्वीकारल्यावर १९७५ मध्ये दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली. दहा वर्षांचे शिक्षण सर्वांना समान असावे, विशेषीकरण त्यानंतर यावे, हे या रचनेमागील तत्त्व होते. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा विषय समवर्ती सूचीत आला आणि केंद्र व राज्य या दोहोंचा अभ्यासक्रमावरील अधिकार मान्य झाला.

३.२ दहा गाभाघटक : १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने समान गाभा असलेल्या राष्ट्रीय अभ्यासक्रमाची कल्पना मांडली. स्वातंत्र्य चळवळीचा इतिहास, सांविधानिक जबाबदाऱ्या, राष्ट्रीय अस्मितेचा आशय, समान सांस्कृतिक वारसा, समता-लोकशाही-धर्मनिरपेक्षता, स्त्री-पुरुष समानता, पर्यावरण संरक्षण, सामाजिक अडसरांचे निर्मूलन, लहान कुटुंबाचा आदर्श आणि वैज्ञानिक दृष्टिकोन हे ते दहा गाभाघटक अध्यापक विद्यालयातून बाहेर पडलेल्या प्रत्येक शिक्षकास तोंडपाठ असतात. परंतु ते प्रामुख्याने मूल्यविषयक होते. इयत्तेनुसार त्यांची चढती पातळी व पडताळणी कशी करावी हे स्पष्ट नसल्याने अनेक ठिकाणी पाठ टाचणातील एक रकाना भरण्यापुरतेच ते उरले.

३.३ किमान अध्ययन क्षमता : १९९१ मध्ये प्रा. दवे समितीच्या अहवालाने प्राथमिक स्तरासाठी किमान अध्ययन पातळ्या निश्चित केल्या. महाराष्ट्राचा १९९५ चा प्राथमिक शिक्षण अभ्यासक्रम क्षमताधिष्ठित होता. संपादनाच्या भाषेत अभ्यासक्रम मांडण्याचा हा महत्त्वाचा प्रयत्न होय. तथापि, क्षमतांचे लहान लहान तुकडे करून त्यांची नोंद ठेवण्यात शिक्षकांचा वेळ खर्ची पडला आणि माध्यमिक स्तरापर्यंत ही विचारसरणी फारशी पोहोचली नाही.

३.४ आराखड्यांचा काळ : २००५ च्या राष्ट्रीय आराखड्याने ज्ञानरचनावादी दृष्टी दिली व त्यानुसार २०१० मध्ये राज्याचा आराखडा तयार झाला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने नववी ते बारावी हा एकसंध माध्यमिक टप्पा मानला. ऑगस्ट २०२३ मध्ये शालेय शिक्षणाचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला, आणि मे २०२४ मध्ये राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने राज्याच्या आराखड्याचा मसुदा अभिप्रायांसाठी खुला केला. पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा शिकविण्यासंबंधीचे शासन निर्णय जून २०२५ च्या अखेरीस मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. गाभ्यात काय असावे हा प्रश्न तज्ज्ञांपुरता नसून समाजाच्या संमतीचा आहे, हे या घटनेने दाखवून दिले.

४. प्रश्नपत्रिका हेच मानक?

स्पष्ट मानकांच्या अभावी दर्जाची खूण म्हणून आपण निकालाकडे पाहतो. निकाल किती स्थिर खूण आहे, हे पुढील आकड्यांवरून दिसते. राज्याचा दहावीचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के होता. २०१९ मध्ये तो ७७.१० टक्क्यांवर आला आणि २०२० मध्ये ९५.३० टक्क्यांवर गेला. दोन वर्षांत विद्यार्थ्यांची बुद्धी वा शिक्षकांचे कौशल्य इतके खालीवर होणे संभवत नाही. बदल झाला तो मोजमापात. २०१९ ची परीक्षा नव्या अभ्यासक्रमावरील पहिली परीक्षा होती, आणि भाषा व सामाजिक शास्त्रे या विषयांचे शाळास्तरावर दिले जाणारे २० गुण त्या वर्षी बंद होते. पुढील वर्षी ते पुन्हा सुरू झाले. शिवाय करोनामुळे २०२० चा भूगोलाचा पेपर रद्द होऊन त्याचे सरासरी गुण देण्यात आले. २०२१ मध्ये परीक्षा न घेता अंतर्गत मूल्यमापनावर लागलेला निकाल ९९.९५ टक्के होता. मोजपट्टी बदलली की उंची बदलते, असा हा प्रकार आहे.

दुसरा पुरावा अकरावी प्रवेशाचा. राज्य मंडळ आणि केंद्रीय मंडळे यांच्या गुणांची तुलना कशी करावी, याचे उत्तर नसल्याने २००८ मध्ये पर्सेंटाइल सूत्र आणि २००९ मध्ये ९०:१० कोटा आणला गेला. दोन्ही उच्च न्यायालयात टिकले नाहीत. २०१० मध्ये ‘बेस्ट फाइव्ह’ धोरण उच्च न्यायालयाने रद्द केले व सर्वोच्च न्यायालयाने ते ग्राह्य धरले. तीन वर्षांत तीन सूत्रे आली, कारण वेगवेगळ्या मंडळांच्या गुणांमागे विद्यार्थ्याला नेमके काय येते याची समान भाषा नव्हती. मंडळांमध्ये समतुल्यता आणण्याच्या हेतूने २०२३ मध्ये राष्ट्रीय स्तरावर ‘परख’ हे केंद्र स्थापन झाले, ते याच उणिवेपोटी.

तिसरा पुरावा गणिताचा. राज्य मंडळाने मध्यंतरी ‘सामान्य गणित’ हा सोपा पर्याय ठेवला होता. नंतरच्या पुनर्रचनेत तो बंद झाला. २०२४ मध्ये नव्या आराखड्याच्या संदर्भात आणखी एक तरतूद चर्चेत आली. गणित व विज्ञानात ३५ ऐवजी किमान २० गुण मिळविणाऱ्यास गुणपत्रिकेवरील शेऱ्यासह अकरावीत जाऊ द्यावे, मात्र त्या विषयांवर आधारित शाखा त्यास मिळू नये, असे तिचे स्वरूप होते. अनुत्तीर्ण होऊन शिक्षण सुटण्यापेक्षा हे बरे, हा युक्तिवाद दुर्लक्षिण्याजोगा नाही. तथापि, २० आणि ३५ या दोन आकड्यांमध्ये विद्यार्थ्याला कोणती गोष्ट येते आणि कोणती येत नाही, हे कोणीच सांगू शकत नाही. ज्या शाळेत गणिताचा शिक्षक वर्षभर नाही, तेथील मुलाच्या गुणपत्रिकेवरील शेरा त्याच्या कुवतीचा की व्यवस्थेच्या उणिवेचा, हेही कळत नाही. ग्रामीण विद्यार्थ्याच्या दृष्टीने मानकांचा प्रश्न येथे जिव्हारी येतो.

५. मानक कसे लिहावे?

गणितातील एकच घटक तीन प्रकारे लिहून पाहू. ‘क्षेत्रफळ, एकके व शेकडेवारी’ ही आशयाची नोंद झाली. ‘विद्यार्थ्यात गणिती दृष्टी विकसित होते’ ही सदिच्छा झाली. मानक असे असेल : ‘सातबारा उताऱ्यावरील हेक्टर-आरमधील क्षेत्र विद्यार्थी एकर-गुंठ्यांत बदलतो, एकरी बियाण्याचे प्रमाण लावून एकूण बियाणे व खर्च काढतो आणि आलेले उत्तर वाजवी आहे की नाही, हे अंदाजाने पडताळतो.’ उताऱ्यावर ०.८१ हेक्टर लिहिलेले असते आणि घरात ‘दोन एकर’ म्हणतात. एक एकर म्हणजे सुमारे ४०.४७ आर, हे माहीत असलेल्या विद्यार्थ्याला दोन्ही विधाने एकच असल्याचे कळते. हे ज्याला येते त्याला गुणोत्तर, दशांश आणि अंदाज या तिन्ही गोष्टी येतात. मानक राज्यभर एकच राहील. मुंबईतील शाळा सातबाऱ्याऐवजी सदनिकेचे चौरस फूट आणि चौरस मीटर घेईल.

विज्ञानातही असेच करता येते. ‘विद्यार्थी एका प्रश्नासाठी साधा प्रयोग आखतो, निरीक्षणे तक्त्यात मांडतो आणि निष्कर्षाची मर्यादा सांगतो’ हे राज्यव्यापी मानक मानले, तर टेंभुर्णी परिसरातील शाळेला महागड्या प्रयोगशाळेची वाट पाहावी लागत नाही. जालना हे बियाणे उद्योगाचे केंद्र आहे. सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवलेले मोजणे, प्रमाणित बियाण्यासाठी विहित असलेल्या किमान ७० टक्के उगवणशक्तीशी त्याची तुलना करणे आणि एकाच चाचणीवरून पूर्ण पोत्याविषयी किती खात्रीने बोलता येईल याचा विचार करणे, यात वैज्ञानिक दृष्टिकोन हा गाभाघटक रकान्यातून बाहेर येऊन कृतीत उतरतो.

मानके लिहिताना पुढील पायऱ्या आवश्यक ठरतात.

(अ) दहावीच्या अखेरीची अपेक्षा प्रथम निश्चित करून तेथून मागे प्रत्येक इयत्तेची पातळी ठरविणे.
(आ) प्रत्येक मानकासोबत विद्यार्थ्यांच्या कामाचे अपुरे, समाधानकारक व उत्तम असे नमुने देणे.
(इ) शहरी, ग्रामीण, आदिवासी व सीमाभागातील शाळांत चाचणी घेऊन मगच ती अंतिम करणे.
(ई) परीक्षेतील प्रश्न कोणत्या मानकाची पडताळणी करतो, याचा आराखडा प्रसिद्ध करणे.
(उ) ठरावीक वर्षांनी पुनर्विलोकन करणे, मात्र मधल्या काळात वारंवार बदल टाळणे.

संख्येचे भान राखणेही महत्त्वाचे आहे. शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी वर्षाचे किमान २२० कामकाजाचे दिवस ठरविले आहेत. माध्यमिक वर्गांसाठीही तेवढेच दिवस धरून एखाद्या विषयास वर्षाला सुमारे २०० तासिका मिळतात असे मानले, तर ८० मानकांना प्रत्येकी अडीच तासिका येतात. त्यातच सराव, उजळणी व चाचणीही आली. मानके २५ ठेवली तर प्रत्येकी ८ तासिका मिळतात. मागे पडलेल्या विद्यार्थ्याला पुन्हा समजावून देण्यास वेळ मिळतो तो दुसऱ्या मांडणीत.

६. काही आक्षेप

पहिला आक्षेप असा की, समान मानकांमुळे स्थानिक वैविध्य नष्ट होते. वर दिलेली उदाहरणे पाहता हा दोष मानकांपेक्षा एकाच पाठ्यपुस्तकातील एकाच उदाहरणावर प्रश्न विचारण्याच्या सवयीचा आहे. मानक समान आणि संदर्भ स्थानिक अशी विभागणी करता येते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ‘किमान’ म्हणून ठरविलेली पातळी हळूहळू ‘कमाल’ होते. सधन पालकांची मुले शिकवणी वर्गातून व अन्य मंडळांच्या शाळांतून पुढे जातात, आणि ग्रामीण मुलाच्या वाट्याला केवळ किमान येते. यावर उपाय म्हणजे गाभ्यापलीकडील विस्तारित आशय प्रत्येक माध्यमिक शाळेत उपलब्ध असणे. गाभा ही तळाची पायरी असावी, छत असू नये.

तिसरा आक्षेप साधनांचा. शिक्षक, प्रयोगसाहित्य व ग्रंथालय न देता मानके लागू केली, तर ती केवळ अपयशाची नोंद ठेवतील. म्हणून विद्यार्थ्यांच्या संपादनाच्या मानकांसोबत अध्ययनसंधीचीही मानके हवीत. अमुक मानक गाठण्यासाठी शाळेत कोणत्या पात्रतेचा शिक्षक, किती तासिका आणि कोणते साहित्य असले पाहिजे, हे शासनाने लेखी मान्य करावे. विद्यार्थ्याकडून अपेक्षा आणि राज्याची जबाबदारी एकाच दस्तऐवजात आल्यास गुणपत्रिकेवरील शेऱ्याचा अर्थ न्याय्य रीतीने लावता येईल.

७. महाविद्यालयीन प्राध्यापकांची भूमिका

शालेय मानके हा शाळांचा प्रश्न आहे, असे मानून महाविद्यालयांना अलिप्त राहता येणार नाही. महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नव्या धोरणानुसार पदवी अभ्यासक्रम सुरू झाले असून त्यांत विद्यार्थ्याला मुख्य विषयाखेरीज अन्य विद्याशाखेतील विषयही अभ्यासावे लागतात. कला शाखेच्या विद्यार्थ्याला सांख्यिकीचा तक्ता वाचता येणे आणि विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याला युक्तिवाद लिहिता येणे ही आता गरज झाली आहे. बहुविद्याशाखीय शिक्षणाचा पाया दहावीच्या गाभ्यातच असतो.

या दृष्टीने तीन कामे आपल्या हाती आहेत. पहिले, प्रथम वर्षाच्या आरंभी भाषा, गणन व तर्क यांची लहान निदान चाचणी घेऊन तिचे निष्कर्ष परिसरातील शाळांना, दोषारोप न करता, कळविणे. दुसरे, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या अभ्यास मंडळांवर काम करणाऱ्या प्राध्यापकांनी प्रथम वर्षाचा अभ्यासक्रम दहावी-बारावीच्या अपेक्षांशी ताडून पाहणे. तिसरे, राज्य परिषदेने प्रसिद्ध केलेल्या मसुद्यांवर विभागीय अनुभवाच्या आधारे लेखी अभिप्राय देणे. मसुद्यावर अभिप्राय पाठविणाऱ्यांत ग्रामीण महाविद्यालयांचा आवाज नसेल, तर मानके ज्यांच्यासाठी सर्वाधिक आवश्यक आहेत त्यांच्या परिस्थितीचा विचार त्यांत उतरणार नाही.

८. निष्कर्ष

१. महाराष्ट्रातील समान माध्यमिक अभ्यासक्रमाने तीन भिन्न शैक्षणिक परंपरांना एकत्र आणले. मराठवाड्याच्या दृष्टीने हे कार्य ऐतिहासिक महत्त्वाचे आहे.

२. गाभाघटकांनी मूल्ये दिली आणि किमान अध्ययन पातळ्यांनी प्राथमिक स्तराला संपादनाची भाषा दिली. परंतु माध्यमिक स्तरावर मानकांची जागा प्रश्नपत्रिकेने घेतली. निकालातील चढउतार हा त्याचा परिणाम आहे.

३. मानके संख्येने मोजकी, शब्दांत स्पष्ट, कृतीतून पडताळता येणारी आणि संदर्भाने लवचिक असावीत.

४. संपादनाची मानके अध्ययनसंधीच्या मानकांशी जोडल्याखेरीज ती ग्रामीण विद्यार्थ्याला न्याय देऊ शकत नाहीत.

५. नव्या आराखड्यानुसार माध्यमिक वर्गांची पुनर्रचना होत असताना महाविद्यालयीन प्राध्यापकांचा सहभाग लाभणे अगत्याचे आहे.

सहा दशकांपूर्वी राज्य मंडळाची स्थापना झाली, तेव्हा सीमेच्या दोन्ही बाजूंच्या मुलांना एक प्रमाणपत्र मिळाले. त्या प्रमाणपत्रामागे एकच क्षमता उभी करणे हे काम अद्याप शिल्लक आहे.